जुनं साईड व्हॉल्व इंजिन किती चालतं? जीपचं इंजिन खोलायच्या आधी हे वाचा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वेंगुर्ल्याला आजोबांची १९५० ची विलीज सीजे-३ए आहे, साईड व्हॉल्ववालं म्हणजे फ्लॅटहेड इंजिन, मीटरवर ३८ हजार मैल दिसतायत, गेली पाच-सहा वर्षं गाडी जवळजवळ उभीच. आता चालू केली तर धूर मारते, एक सिलिंडर मिस होतो, आणि कोल्हापूरच्या मेस्त्रींनी आवाज ऐकून सांगितलं की फुल इंजिन काम करावं लागेल, बोअर (म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करणं), पिस्टन, क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) ग्राइंडिंग सगळं. म्हणून तुम्ही विचारताय की ही इंजिनं मुळात किती चालतात, ३८ हजाराला संपतात का.

आकडा सांगतो, पण यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. एक म्हणजे चालून चालून लोखंड किती झिजतं, आणि दुसरा म्हणजे समुद्राजवळ उभं राहून त्या लोखंडाचं काय होतं. मी कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यात बरीच वर्षं हीच जुनी इंजिनं करतोय, आणि "इंजिन संपलं" म्हणून माझ्याकडे आलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत झीज मापात होती, बिघडलं होतं ते उभं राहून. तुमच्या वर्णनावरून मला तुमचीही गाडी त्याच जातीतली वाटते, पण मोजल्याशिवाय मी छातीठोक सांगणार नाही आणि दुसऱ्या कुणी सांगितलं तर तुम्हीही ऐकू नका.

आधी एक खात्री करा. बॉनेट उघडून इंजिनवर वरून बघा. सपाट लोखंडी झाकण, त्यावर नटांची रांग आणि वरून लावलेले चार प्लग दिसले तर ते खरं फ्लॅटहेड, ज्याला गो-डेव्हिल म्हणायचे ते, २.२ लिटर, ६० हॉर्सपॉवर. यात इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व ब्लॉकमध्ये सिलिंडरच्या बाजूला उभे असतात, हेड म्हणजे नुसतं झाकण. वर पत्र्याचं रॉकर कव्हर असेल तर मधल्या काळात कुणीतरी सीजे-३बी चं हरिकेन इंजिन टाकलंय, त्यात इनटेक व्हॉल्व हेडमध्ये असतो, इंजिन उंच असतं आणि म्हणूनच ३बी चं बॉनेटही उंच आहे. खाली सांगतोय त्यातलं बरंचसं त्यालाही लागू होईल, पण व्हॉल्वची गोष्ट बदलेल.

आता मीटरबद्दल. पाच आकडी मीटर ९९,९९९ झाले की परत शून्यावर येतं, शिवाय या गाड्यांची केबल तुटली तर लोक वर्षानुवर्षं तशीच चालवतात. त्यामुळे ३८ हजार मैल म्हणजे साधारण ६१ हजार किलोमीटर हे खरं असेल किंवा १ लाख ३८ हजार मैल असतील, सांगता येत नाही. मी मीटरकडे बघतच नाही, क्लच-ब्रेकच्या पेडलची झीज आणि स्टिअरिंगचा खेळ बघितला तरी जास्त कळतं.

त्या काळात ढोबळ हिशोब असा असायचा की २०-३० हजार मैलाला हेड काढून कार्बन साफ करायचा आणि व्हॉल्व ग्राइंड करायचे, ५०-६० हजाराला रिंगा (पिस्टनभोवतीच्या कड्या) आणि बेरिंग शेल (क्रँकभोवतीच्या बेरिंगच्या अर्धगोल वाट्या), आणि ७०-८० हजाराच्या पुढे कधीतरी बोअर. हे ऐकून लोकांना वाटतं इंजिनंच कच्ची होती. इंजिन कच्चं नव्हतं हो, आजूबाजूचं सगळं कच्चं होतं. त्यावेळचं ऑइल एकाच ग्रेडचं, त्यात घाण धरून ठेवणारे डिटर्जंट नसायचे, ऑइल फिल्टर असलाच तर बायपास म्हणजे थोडंच ऑइल त्यातून जाणार, बऱ्याच गाड्यांना तर नव्हताच. चोक ओढून ठेवला की कच्चं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुवून काढायचं. आणि आपल्याकडे तर जांभ्याची लाल धूळ, जिने डांबरी रस्ते व्हायच्या आधी किती रिंगा खाल्ल्या असतील त्याची गणती नाही.

कुठलं इंजिन आहे त्यावरही पुष्कळ आहे. फोर्डची मॉडेल ए, १९२८ ते १९३१ ची, तिला व्हाइट मेटल म्हणजे मऊ पांढरा धातू ओतलेली बेरिंगं आणि ऑइल बहुतेक शिंपडून पोचायचं, ती जोरात पळवली की बेरिंग लवकर जातात. फोर्डचा व्ही-८ फ्लॅटहेड, १९३२ पासूनचा, त्यात एक्झॉस्टचे मार्ग ब्लॉकच्या पोटातून पाण्याच्या जॅकेटमधून, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीतून, बाहेर येतात, म्हणून तो तापतो, आणि तापला की व्हॉल्वसीट (व्हॉल्व बसतो ती कडा) आणि बोअरच्या मधे चीर पडते, झिजून मरण्यापेक्षा तो चीर पडून मरतो. प्लिमथ-डॉजचा सहा सिलिंडरचा फ्लॅटहेड, जो प्रीमियरच्या डॉज गाड्यांमुळे आणि फारगो ट्रकमुळे आपल्याकडे लोकांना माहितीय, तो माझ्या मते या सगळ्यांत टिकाऊ, सांभाळला तर लाख मैल आरामात काढतो, फक्त त्याच्या ब्लॉकमध्ये पाणी वाटणारी एक पत्र्याची नळी असते ती गंजली की मागच्या सिलिंडरांना पाणी पोचत नाही आणि तिकडचे एक्झॉस्ट व्हॉल्व जळतात.

तुमचं विलीजचं इंजिन यांच्या मधलं. ऑइल पंपानं प्रेशरनं बेरिंगांना पोचतं ही मोठी जमेची बाजू. पण स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वरखाली प्रवास, लांब आहे, बोअर ३ पूर्णांक १/८ इंच आणि स्ट्रोक ४ पूर्णांक ३/८ इंच, आणि मागचा डिफरन्शियल ५.३८ चा असेल, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ५.३८ फेरे, तर ताशी ७० किलोमीटरला इंजिन २९०० च्या आसपास फिरत असतं. म्हणजे हीच जीप बागेत, गावात ३०-४० नी चालली तर वेगळं आयुष्य आणि नव्या चौपदरी हायवेवर गोव्यापर्यंत ८० नी दामटली तर वेगळं. किलोमीटर तेच, पण इंजिनचे फेरे आणि पिस्टनचा वेग वेगळा.

आज काय? नीट मापात बांधलेलं, चांगलं मल्टीग्रेड ऑइल, फिल्टर, ऑइल बाथ एअर क्लीनर जागेवर आणि थर्मोस्टॅट चालू, असं विलीजचं इंजिन लाख किलोमीटर काढायला काही हरकत नाही. पण जरा हिशोब करा. तुमच्यासारखे मालक वर्षाला चालवतात किती, हजार-दीड हजार किलोमीटर. दीड हजाराच्या हिशोबानं लाख किलोमीटरला ६६ वर्षं लागतील. तेवढं तुम्ही चालवणार नाही. म्हणजे कोकणात घरच्या जीपचं इंजिन चालून संपत नाही, ते उभं राहून, गंजून, चुकीच्या पाण्यानं आणि तुंबलेल्या जॅकेटनं संपतं. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून आता ते नीट सांगतो.

पाऊस चार महिने, त्यात खारा वारा. इंजिन बंद होतं तेव्हा एक-दोन व्हॉल्व कायम उघडे राहतात, त्या सिलिंडरात सायलेन्सरकडून किंवा कार्ब्युरेटरकडून दमट हवा आत-बाहेर होत राहते. व्हॉल्वची दांडी तिच्या गाईडमध्ये, म्हणजे ती ज्या नळीत सरकते तिच्यात, गंजते, वर जुन्या पेट्रोलचा डिंकासारखा थर, आणि व्हॉल्व उघडाच अडकतो. त्या सिलिंडरला कॉम्प्रेशन म्हणजे दाब शून्य. पुढच्या वर्षी गाडी सुरू केली की एक सिलिंडर मिस, फटफट आवाज, आणि ऐकणाऱ्याला वाटतं इंजिन गेलं. तुमचं वर्णन हेच आहे. फ्लॅटहेडमध्ये एक चांगलं असं, की व्हॉल्व पिस्टनच्या डोक्यावर नसतो, बाजूला असतो, त्यामुळे अडकलेला व्हॉल्व पिस्टनला धडकत नाही, ओव्हरहेड व्हॉल्वच्या इंजिनात जो विध्वंस होतो तो इथे होत नाही.

हे बघायला हेडसुद्धा काढावं लागत नाही. मॅनिफोल्डच्या खाली ब्लॉकच्या कुशीला एक पत्र्याचं लांबट कव्हर असतं, ते काढा. आत व्हॉल्वना खालून उचलणारे आठ टॅपेट, आठ स्प्रिंगा एका ओळीत दिसतात. प्लग काढून ठेवा, पुढून हँडल घाला आणि हळूहळू फिरवत एकेक टॅपेट बघत जा. टॅपेट वर जातो, व्हॉल्वला उचलतो, टॅपेट खाली आला की स्प्रिंग व्हॉल्वला खाली ओढते, मधे राहते ती फक्त टॅपेटची फट, मॅन्युअलप्रमाणे थंड इंजिनवर १६ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). अडकलेला व्हॉल्व लगेच ओळखू येतो, टॅपेट खाली गेला तरी तो वरच राहतो, स्प्रिंग दबलेलीच, आणि टॅपेट नि दांडीच्या मधे पाच-सात मिलिमीटरची फट, डोळ्यांनी दिसते. गेज लागत नाही.

देवगडकडच्या एका आंबा बागायतदारांची जीप अशीच आली होती, तीही "बोअर करा" म्हणूनच. कव्हर काढलं तर तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट अडकलेला. गाईडवर डिझेल आणि गिअरचं पातळ ऑइल सोडत दोन दिवस भिजत ठेवलं, मग हेड काढून व्हॉल्ववर लाकडाचा तुकडा ठेवून हलक्या हातानं ठोकत खाली बसवले, परत उचलले, परत बसवले, असं करत मोकळे केले. हेड निघालंच होतं म्हणून बोअर मोजला. वरच्या कडेला नखाला पायरी लागत होती पण बारीक, टेपर, म्हणजे वरचा आणि खालचा व्यास यांतला फरक, साधारण ४ थाऊ. नवीन रिंगा, हलकं होनिंग (सिलिंडरची भिंत दगडानं घासणं), व्हॉल्व लॅप केले म्हणजे सीटवर घासून बसवले, बस. ती गाडी अजून आंब्याच्या पेट्या वाहते.

तर तुम्ही काय करायचं ते क्रमानं सांगतो. कव्हर काढून व्हॉल्व बघणं पहिलं. सगळे हलत असतील तर गाडी १५-२० किलोमीटर चालवून इंजिन पूर्ण गरम करा आणि कॉम्प्रेशन घ्या, चारही प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, बॅटरी भरलेली. या इंजिनचं कॉम्प्रेशन मुळातच कमी, ६.४८ ला १, त्यामुळे आजच्या गाडीसारखे दर चौरस इंचाला दीडशे-पावणेदोनशे पौंड शोधू नका, १०० च्या आसपास आलं तरी छान. ९० च्या वर आणि चारही आकडे एकमेकांच्या १० पौंडांत असतील तर मी ते इंजिन खोलणार नाही. एकच सिलिंडर खाली असेल तर व्हॉल्व, शेजारशेजारचे दोन खाली असतील तर हेड गॅस्केट, आणि चारही सारखेच खाली असतील तर तेव्हा रिंगांचा विचार करायचा.

इथे एक बारकावा जो आजच्या गाड्यांवर शिकलेल्या पोरांना माहीत नसतो. चमचाभर ऑइल घालून परत कॉम्प्रेशन घेतात, वाढलं तर रिंगा आणि नाही वाढलं तर व्हॉल्व, ही परीक्षा फ्लॅटहेडवर फसवते, कारण प्लगच्या भोकातून घातलेलं ऑइल पिस्टनवर जायच्या ऐवजी बाजूच्या व्हॉल्वकडे जातं. त्यापेक्षा मी कॉम्प्रेसरची हवा प्लगच्या भोकातून सोडतो, पिस्टन अगदी वर आणून, दोन्ही व्हॉल्व बंद ठेवून, आणि कान लावतो. सायलेन्सरमधून सुस्कारा आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व, कार्ब्युरेटरमधून आला तर इनटेक, ऑइल भरायच्या तोंडातून आला तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा चीर. पाव तासात सगळं कळतं.

धुराचंही तसंच आहे, धूर कधी येतो ते बघा. आंबोलीचा घाट उतरताना पाय उचललेला असतो, तेव्हा इंजिन आतून ओढ घेतं आणि ढिल्या गाईडमधून ऑइल शोषतं, मग खाली येऊन परत ॲक्सिलरेटर दाबला की निळा लोट येतो. हे गाईडचं लक्षण. आणि घाट चढताना, लोडवर, सतत निळा धूर येत असेल आणि ऑइल भरायच्या तोंडातून फुकफुक वाफ मारत असेल तर ते रिंगांचं. गाईडसाठी कुणी बोअर करत नाही. त्याआधी एक छोटी गोष्ट, या जीपला क्रँककेसची हवा ओढून घेणारा एक व्हॉल्व मॅनिफोल्डला असतो, तो घाणीनं उघडा अडकला की ऑइलची वाफ ओढतो, आयडलिंगही बिघडतं. काढून पेट्रोलनं धुवा, फुकटचं काम आहे.

तुमच्याकडे कुणाकडे व्हॅक्यूम गेज, म्हणजे इंजिन आतून किती ओढ घेतं ते दाखवणारं मीटर, असेल तर तेही लावा. समुद्रसपाटीला चांगलं इंजिन आयडलला पाऱ्याचे १७ ते २० इंच दाखवतं आणि काटा स्थिर राहतो, काटा तालात झटका मारत असेल तर एखादा व्हॉल्व नीट बसत नाहीये. हेच गेज आंबोलीत लावलं तर दोनेक इंच कमी दिसेल, उंचीमुळे, त्याला घाबरू नका.

ऑइल प्रेशरसाठी डॅशबोर्डच्या जुन्या मीटरवर विसंबू नका, मेकॅनिकल गेज लावा. गरम इंजिनला आयडलवर १० पौंडांच्या आसपास आणि ५० च्या स्पीडला ३० च्या वर असेल तर क्रँकला हात लावायची गरज नाही. कमी असेल तरी आधी प्रेशर रिलीफची स्प्रिंग आणि ऑइल पंप बघायचा, मग संप (इंजिनखालची ऑइलची टाकी) उतरवून एकेक बेरिंग कॅप खोलून शेल बघायचे. हे सगळं इंजिन गाडीत असताना होतं. आणि डिपस्टिकचा वास घ्या, हे विसरू नका. या इंजिनचा पेट्रोल पंप ब्लॉकच्या बाजूला बसतो, त्याचा रबरी पडदा फाटला की पेट्रोल सरळ संपमध्ये उतरतं, ऑइल पाण्यासारखं पातळ होतं, प्रेशर पडतं आणि बेरिंग खातं. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे, जुन्या रबराला ते मानवत नाही, म्हणून पंपाचा पडदा आणि सगळे पाईप इथेनॉल चालेल अशा रबराचे टाकून घ्या. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढतं, चार महिने पावसात टाकीत पडून राहिलेलं पेट्रोल नंतर वापरू नका.

शिसं नसलेल्या पेट्रोलची भीती लोक फार घालतात. आपल्याकडे २००० सालापासून शिशाचं पेट्रोल बंद झालं, म्हणजे ही इंजिनं पंचवीस वर्षं तशीच चालतायत. तुमच्या इंजिनला एक्झॉस्टला मुळातच कडक सीट बसवलेली असते, आरामात चालवणाऱ्याला त्रास होत नाही. फक्त टॅपेटची फट दर दोनेक हजार किलोमीटरला मोजत जा. फट पुन्हा पुन्हा कमी होत असेल तर सीट खाली बसतेय किंवा व्हॉल्व ताणला जातोय, ते लक्ष देण्यासारखं. टॅपेट थोडा वाजला तरी चालेल, पण जो टॅपेट आधी वाजायचा आणि आपोआप गप्प झाला तो आधी तपासायचा, कारण फट संपली की व्हॉल्व पूर्ण बसत नाही आणि जळतो.

आता पाण्याकडे येतो, कारण माझ्या मते कोकणात इंजिन मारणारं दुसरं मोठं कारण हे आहे. लोक विहिरीचं पाणी ओततात, खाडीलगतच्या विहिरीला तर उन्हाळ्यात मचूळ पाणी असतं, म्हणजे मीठ सरळ ब्लॉकमध्ये गेलं. सत्तर वर्षांचा गंज आणि गाळ ब्लॉकच्या मागच्या बाजूला बसतो, चौथ्या सिलिंडरच्या आसपास, तिथे पाणी फिरतच नाही. रेडिएटर नवा टाकला तरी गाडी तापते आणि मग लोक थर्मोस्टॅट काढून फेकतात. हे अजिबात करू नका. थर्मोस्टॅट नसला तर इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, क्रँककेसमधली वाफ उडत नाही, ऑइलचा पांढरट चिखल होतो आणि थंड इंजिनचा बोअर गरम इंजिनपेक्षा कितीतरी लवकर झिजतो. ७० ते ८० अंशांच्या दरम्यान उघडणारा थर्मोस्टॅट लावाच, आणि गाडी तापत असेल तर ब्लॉकचे वेल्च प्लग (ब्लॉकच्या भोकांत ठोकलेली धातूची बुचं) काढून आतला गाळ तारेनं खरवडून, पाण्याच्या जोरात उलटसुलट धुवून काढा. बादलीत काय पडतं ते बघा, लाल चिखल आणि गंजाचे पापुद्रे. मग डिस्टिल्ड वॉटर आणि कुलंट, दर दोन वर्षांनी बदलायचं. नवीन वेल्च प्लग पितळेचे मिळाले तर पितळेचे टाका.

हे सगळं करून, मोजून, समजा खोलायची वेळ आलीच. तर रिबिल्ड म्हणजे एकच काम नाही हे डोक्यात ठेवा. वरचं काम म्हणजे हेड उतरवून व्हॉल्व, गाईड, कार्बन. मधलं म्हणजे त्यात रिंगा, शेल, होनिंग, तेही गाडीतल्या गाडीत होऊ शकतं. आणि फुल म्हणजे इंजिन उतरवून बोअर, ओव्हरसाईज पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग, कॅमची बेरिंगं. बोअर गेजनं प्रत्येक सिलिंडर वर, मधे, खाली, आणि दोन्ही दिशांना मोजायचा. टेपर ५ थाऊच्या आत तर नुसत्या रिंगा. ५ ते १० मधे असेल तर गाडी कशी वापरणार यावर ठरवायचं, बागेतल्या आणि लग्नाच्या वरातीच्या गाडीला मी रिंगाच टाकतो, लांब पळवणार असाल तर बोअर. १० च्या वर गेला किंवा सिलिंडर ५ थाऊपेक्षा जास्त लंबगोल झाला की बोअरला पर्याय नाही, रिंगा टाकल्या तरी दोन पावसाळ्यांत परत ऑइल खायला लागेल.

आणि हे मोजमाप मी एवढं लावून धरतो त्याला कारण आहे. ओव्हरसाईज पिस्टन १०, २०, ३०, ४० थाऊ असे मिळतात. म्हणजे ब्लॉकला आयुष्यात मोजकेच बोअर आहेत. ४ थाऊ झिजलेला ब्लॉक "आता उतरवलाच आहे तर" म्हणून ३० ला बोअर केला की तुमच्या मुलाच्या वाट्याचं लोखंड तुम्ही भुश्यात घातलंत. त्यानंतर लायनर म्हणजे आत नवी लोखंडी बाही मारता येतो, कोल्हापूरच्या उद्यमनगरात हे काम करणारे उत्तम कारागीर आहेत, पण आतून गंजून पातळ झालेल्या ब्लॉकला लायनर ठोकताना चीर पडायची भीती असते, आणि तसा ब्लॉक आता कुणी ओतत नाही. माझ्याकडे एक फारगोचा ब्लॉक असा पडलेला आहे, आधी कुठेतरी न मोजता दोनदा बोअर केलेला, आता काही करता येत नाही. फार वाईट वाटतं असं लोखंड बघून. म्हणून मेस्त्रींना आदरानं पण स्पष्ट सांगा की काका, आधी मोजून आकडे कागदावर लिहून द्या, मग आपण ठरवू. चांगला मेस्त्री याचा राग मानत नाही.

अजून एक, हेड काढताना घाई नको. समुद्राजवळच्या गाडीचे स्टड नटाखाली गंजून बारीक झालेले असतात आणि ताकद लावली की मोडतात. आठवडाभर आधीपासून रोज भेदक ऑइल सोडा, नट गरम करून थोडा घट्ट, थोडा सैल असं करत काढा. सरळ लांब पाना लावून ओढलात तर चारशे रुपयांच्या गॅस्केटच्या कामाला ड्रिल आणि टॅपिंगचं मोठं काम लागेल.

ऑइल २०डब्ल्यू-५० चांगलं चालतं. पण इंजिन आतून काळ्या चिखलानं भरलेलं असेल तर आजचं डिटर्जंटवालं ऑइल तो चिखल सोडवून पंपाच्या जाळीत आणून घालतं, म्हणून पहिल्यांदा संप उतरवून हातानं साफ करा, मग ऑइल भरा. पुढे ऑइल किलोमीटरवर बदलू नका, वर्षाला एकदा, पावसाआधी. घाण आंबट ऑइल चार महिने बेरिंगांवर बसून राहू नये म्हणून आधी.

पावसाळ्यासाठी माझी पद्धत अशी आहे. मृग लागायच्या आत गाडी चांगली लांब चालवून गरम करायची, ऑइल बदलायचं, कार्ब्युरेटर रिकामा करायचा, प्रत्येक सिलिंडरात थोडं इंजिन ऑइल घालून हँडलनं दोन-चार फेरे द्यायचे, सायलेन्सरच्या तोंडात आणि कार्ब्युरेटरच्या तोंडात तेलात भिजवलेला कपडा कोंबायचा आणि स्टिअरिंगला चिठ्ठी बांधायची की कपडा आत आहे. मग दर पंधरा दिवसांनी प्लग काढून हँडलनं फिरवायचं, दर वेळी वेगळे व्हॉल्व उघडे राहतील असं. दर रविवारी पाच मिनिटं चालू करून बंद करणारे खूप जण आहेत, त्यांची भावना चांगली असते पण इंजिन गरम होत नाही, आत वाफ धरते, सायलेन्सरमध्ये पाणी साठतं, आणि नेमका तोच गंज होतो जो टाळायचा असतो. चालू करायचीच असेल तर २० किलोमीटर फिरवून आणा, नाहीतर हात लावू नका.

तुमच्या बाबतीत आत्ता एवढंच करा, साईड कव्हर, कॉम्प्रेशनचे चार आकडे, गरम इंजिनचं ऑइल प्रेशर, आणि धूर चढावर येतो की उतारावर. हे इथे लिहा, मग पुढचं नेमकं सांगता येईल. आणि जर मोजून खरंच १२-१५ थाऊ टेपर निघाला तर बिनधास्त बोअर करून घ्या, पण ते काम दिवाळीनंतर करा. आपल्या हवेत पावसाळ्यात ताजा बोअर केलेला ब्लॉक ऑइल न लावता उघडा ठेवला तर सकाळपर्यंत भिंतींवर तांबूस थर दिसतो. मशीनवरून उतरल्या उतरल्या साबणाच्या गरम पाण्यानं धुवून, पांढऱ्या फडक्यावर काळं येईनासं होईपर्यंत पुसून, लगेच ऑइल फासून प्लास्टिकमध्ये गुंडाळूनच तो घाटाखाली आणा.